चौकड्यांच्या शर्टातल्या हितचिंतकास

श्री. हितचिंतक यांस,



पत्रास कारण की, तुमचा एक फोटो माझ्याकडे आहे. काढायचा होता तुम्हाला माझा, म्हणजे माझ्या लग्नाच्या नोटिशीचा. पण नोटीस बोर्डाला काच असते आणि भर दुपारी विवाह कचेरीच्या त्या व्हरांड्यात समोरून ऊन येतं, हे तुमच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे माझ्या आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या पासपोर्ट साइझ चेहऱ्यांवर तुम्हीच पसरलेले आहात. चौकड्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, दोन्ही हातांनी धरलेला मोबाईल आणि तोंडाच्या जागी नुसता लखलखाट. आजवर आमच्या जोडीचा एवढा मन लावून कुणी फोटो काढला नव्हता. लग्नातल्या फोटोग्राफरनेही नाही, आणि त्याने तर पैसे घेतले होते.

नाव माहीत नसल्यामुळे पत्र खुलं लिहिते आहे. खाई त्याला खवखवे.

आधी तुमच्या कष्टांबद्दल आभार मानायला हवेत. नोटिशीवर फोन नंबर नसतो. नाव, वय, व्यवसाय, अविवाहित की घटस्फोटित, राहण्याचा पत्ता, कायमचा पत्ता, तिथे किती दिवस राहता, एवढंच. तुम्ही त्या पत्त्यावरून आमची सोसायटी शोधलीत, वॉचमनला चहा पाजलात आणि अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, नंबर मिळवलात. माझ्या सख्ख्या मावशीने स्थळ शोधताना इतकी पायपीट केली नव्हती. मग फोन केलात. अण्णा एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेत. तीस वर्षं “नांदेड गाडी कधी?” ऐकलेला माणूस फोनवर घाबरत नाही.

“काका, तुमची मुलगी काय करते, लक्ष आहे का?”

“मुद्रितं तपासते.”

“ती लग्न करतेय!”

“हो, सतरा तारखेला. तुम्ही कोण? पत्रिका पोचली नाही का?”

तुम्ही थोडं थांबलात म्हणे. मग आवाज खाली आणून हुकमाचा पत्ता टाकलात. “मुलगा ख्रिश्चन आहे, काका.”

“ठाऊक आहे. चहा बिनसाखरेचा पितो, तेवढं एक खटकतं.”

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने फोन ठेवून दिला असता. पण तुम्ही हितचिंतक. बाप वाया गेलेला दिसल्यावर तुम्ही कर्तव्यभावनेने पुढची पायरी गाठलीत, आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो माझ्या मामाच्या मोबाईलवर होता. तिथून गावातल्या तीन ग्रुपवर. खाली मजकूर होता, “आपल्या लेकी वाचवा.” लेक एकतीस वर्षांची आहे, हे नोटिशीत वयाच्या रकान्यात स्पष्ट छापलं होतं. ते वाचायचं राहून गेलं असावं.

आता तुमच्यामुळे झालेल्या खऱ्या नुकसानाबद्दल. मामा दोन दिवस ओरडला आणि थकला. त्याचं काही नाही, तो मॅच हरल्यावरही तेवढाच ओरडतो. नुकसान झालं ते आजीचं. आजी चौऱ्याऐंशी वर्षांची, गावी राहते. तिला मुलगा आवडला होता. आडनाव अस्सल मराठी, नगर जिल्ह्यातला, भाकरी हातावर थापून दाखवली त्याने तिला. धर्माचं तेवढं सांगायचं राहिलं होतं. ते आम्ही गणपतीत, समोर बसून, सावकाश सांगणार होतो. तुम्ही ते काम सोपं केलंत. आजीला शेजारच्या शाळकरी पोराने मोबाईलवर वाचून दाखवलं. दहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि अकराव्या दिवशी जे बोलली त्यात धर्म कुठेच नव्हता. “साऱ्या गावाला कळलं आणि मला नाही,” एवढंच म्हणाली. त्या दहा दिवसांची भरपाई तुमच्याकडून कशी वसूल करावी याचा मी बराच विचार केला. कायद्यात तशी सोय नाही.

कायदा मी वाचला आहे. माझा धंदाच मुद्रितशोधनाचा. मजकूर समोर आला की मी तो वाचतेच, आणि नोटीस देऊन बसल्यावर तीस दिवस दुसरं काय करायचं? विशेष विवाह कायदा, 1954. अंमल 1 जानेवारी 1955 पासून. लोक त्याला ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात, पण त्यात कोर्टाचा संबंध नसतो. असतात ते विवाह अधिकारी, त्यांच्या हाताखालच्या मॅडम आणि बाहेर झेरॉक्सवाला. दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात आधी तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. मग नोटीस द्यायची. ती कचेरीत ठळक जागी लावली जाते आणि नोटीस-वहीत चढते. ही वही कुणीही, कचेरीच्या वेळेत, एक पैसा न देता पाहू शकतो. एकाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर एक प्रत तिथे जाते आणि तिथल्या भिंतीवरही लागते. आमची एक प्रत नगरला गेली होती. तिथला हितचिंतक बहुधा रजेवर असावा.

आता तुमच्या कामाचा भाग. हे तीस दिवस आक्षेप घेण्यासाठी असतात. पण कुठला आक्षेप? कलम चारमध्ये यादी आहे, अगदी छोटी. दोघांपैकी कुणाचा जोडीदार हयात नसावा, म्हणजे आधीचं लग्न चालू नसावं. संमती देण्याइतकं मन ठिकाणावर असावं. मुलगा एकवीस, मुलगी अठरा पूर्ण असावी. जवळच्या निषिद्ध नात्यातलं नसावं. संपली यादी. ‘मुलगा ख्रिश्चन आहे’ ही गोष्ट त्या यादीत नाही. उलट तिच्यासाठीच हा कायदा आहे. ‘मामाला विचारलं नाही’ हेही नाही, मामा कितीही ओरडला तरी.

आणि खरा आक्षेप असला तर पद्धत ठरलेली आहे. कचेरीत यायचं. विवाह अधिकारी तुमचं म्हणणं वहीत लिहून घेतात, वाचून दाखवतात, समजावून सांगतात आणि खाली तुमची सही घेतात. तीस दिवसांत चौकशी करून निकाल देतात. आक्षेप खोडसाळ निघाला तर आक्षेप घेणाऱ्याला नुकसानभरपाई ठोठावता येते, जास्तीत जास्त एक हजार रुपये. हा आकडा 1954 चा आहे, सोनं तोळ्याला शंभराच्या आत होतं तेव्हाचा. तेव्हा हजार रुपयांत घर हललं असतं. आता तेवढ्यात तुमच्या शर्टाची कापड-शिलाईही बसायची नाही. तरीसुद्धा तुम्ही वहीपाशी गेला नाहीत. ती काचेपासून चार पावलांवर, खिडकीच्या आत होती. तुमच्या खिशाला दोन पेनं होती.

म्हणून म्हणते, तुम्ही आक्षेप घेतलाच नाहीत. आम्ही नाव, वय, धंदा, घराचा पत्ता सगळं भिंतीला चिकटवून उभे होतो, आणि तुम्ही फक्त शर्ट घालून आला होतात.

तुमच्या घराण्याची चौकशीही मी केली. स्थळ म्हटलं की घराणं बघावं लागतं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, “अगं, आमच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार नावं वाचतात, ‘कुणाची हरकत आहे का?’ म्हणून.” धागा तिथून मिळाला. ही प्रथा युरोपातल्या चर्चने सगळीकडे लागू केली ती 1215 सालच्या लॅटरनच्या धर्मपरिषदेत. चोरून लागणारी लग्नं थांबवायची आणि लग्नाला आड येणारं काही असलं तर ते आधीच उघड करायचं, हा हेतू. कागदपत्रं नव्हती, गावाची आठवण हीच दप्तर होती, तेव्हा ठीकच होतं. पुढे 1753 साली लॉर्ड हार्डविक यांच्या कायद्याने इंग्लंडात हे सक्तीचं झालं. चर्चमध्ये तीन रविवार नावं वाचा, नाहीतर पैसे मोजून लायसन घ्या. म्हणजे बघा, लग्नाचं लायसन निघालं ते लग्नाची परवानगी म्हणून कमी आणि चारचौघांत नाव वाचलं जाऊ नये म्हणून जास्त. गरिबांची नावं रविवारी वाचली जायची, श्रीमंतांची लग्नं लायसनवर गुपचूप व्हायची. ज्यांना दोन्ही जमेना ते स्कॉटलंडची हद्द ओलांडून ग्रेटना ग्रीन नावाच्या खेड्यात पळायचे. तिथे लोहाराच्या ऐरणीपुढे दोन साक्षीदारांसमोर लग्न लागायचं. शंभर वर्षांनी, 1856 साली, त्यांनाही एकवीस दिवस राहण्याची अट लागली.

इंग्रज इथे आला, आणि 1872 साली ब्राह्मो समाजाच्या खटपटीतून आपल्याकडे पहिला विशेष विवाह कायदा झाला. त्यात नोटिशीची मुदत चौदा दिवसांची होती. पण अट अशी की दोघांनीही आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरे कुणीच नाही असं लिहून द्यायचं. लग्नासाठी धर्म सोडायचा, निदान कागदावर. 1923 मध्ये हरिसिंग गौर यांच्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपसात तेवढी सूट मिळाली. आमच्या करवीर संस्थानात तर शाहू महाराजांनी 1919 मध्येच आंतरजातीय-आंतरधर्मीय लग्नांचा वेगळा कायदा केला होता. 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत डॉ. आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचं लग्न झालं तेही नोंदणी पद्धतीनेच. मग 1954 साली स्वतंत्र भारताने नवा कायदा करून धर्म सोडायची अट काढली. फार मोठी गोष्ट होती ती, थट्टा नाही करत. फक्त चौदाचे तीस दिवस झाले. सोळा दिवस नेमके कशाला वाढवले ते मला कळलेलं नाही. तुम्हाला सवडीने यायला जमावं म्हणूनच असणार.

आता गंमत ऐका. आपल्याकडेही एक ग्रेटना ग्रीन आहे. आळंदी. सकाळी निघा, हार-मुंडावळ्या तिथेच मिळतात, दुपारपर्यंत मंगलाष्टकं, संध्याकाळी परत. हिंदू विवाह कायद्यात ना नोटीस, ना तीस दिवस, ना काच. दोघंही हिंदू असली म्हणजे झालं, नोंदणी मागाहून. झेरॉक्सवाल्याने मला हेच सुचवलं. “मॅडम, त्यांचं एक शुद्धिपत्र करून घ्या, आळंदीला उरकून टाका. इथं महिनाभर बोर्डावर कशाला लटकताय?” प्रेमाने म्हणाला तो. म्हणजे एकाने धर्म बदलला की लग्न संध्याकाळपर्यंत, आणि दोघांनी आपापला धर्म ठेवला की महिनाभर भिंतीवर. तुमच्या त्या ग्रुपवर रोज धर्मांतराच्या विरोधात चार मेसेज येतात. आमच्यात कुणीही धर्म बदलत नव्हतं, आणि फोटो आमचाच निघाला. धर्म टिकवण्याचं हे शास्त्र मला अजून नीट उमगलेलं नाही. सवडीने समजावून सांगाल का? (फोनवर नको. अण्णांशी बोलणं होईल पुन्हा.)

न्यायाधीशांच्या नजरेला तुम्ही पडला आहात, हे सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. 2009 साली दिल्ली उच्च न्यायालयाने नोटिसा वधू-वरांच्या घरच्या पत्त्यावर धाडायला मनाई केली. जिवावर बेतू शकतं, हे कारण. केरळमध्ये नोटिसा संकेतस्थळावर चढत होत्या. तिथून त्या उचलून फिरवल्या जायला लागल्या तेव्हा 2020 मध्ये सरकारने ते बंद केलं. जानेवारी 2021 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालय म्हणालं की नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्याच्या मर्जीवर असावं. आपल्याकडे मात्र डिसेंबर 2022 मध्ये राज्य सरकारने अशा लग्नांच्या माहितीसाठी एक समन्वय समितीच काढली. आधी आंतरजातीय आणि आंतरधर्मीय दोन्ही लग्नं तिच्या कक्षेत होती. ओरड झाल्यावर काही दिवसांतच ‘आंतरजातीय’ हा शब्द वगळला. आंतरधर्मीय राहिला. तुमचं काम सरकारने अंगावर घेतल्यावर तुमच्यासारख्या हौशी माणसाने निवृत्त व्हायला हरकत नव्हती. अण्णांसारखं.

हे सगळं मी हसत लिहू शकते, कारण माझे वडील अण्णा आहेत. तुमच्या फोटोच्या उजव्या कडेला मात्र दुसऱ्या एका नोटिशीचा अर्धा भाग आला आहे. तुम्ही तो कापायचा विसरलात, की मुद्दाम ठेवलात, मला ठाऊक नाही. त्या अर्ध्या भागात एका मुलीचा डावा कान आणि डावा डोळा आहे. मी तिला पाहिलं आहे. नोटिशीच्या दिवशी ती दोघं रांगेत आमच्या पुढे होती. ती कुठल्याशा दवाखान्यातून ड्यूटी संपवून तशीच निळ्या कपड्यांत आली होती. त्याच्या हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत दोघांचे सगळे दाखले, शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून. फोटो चिकटवायला डिंक नव्हता, तो त्यांनी आमच्याकडून घेतला. तिने बाटलीचं टोपण इतकं काळजीपूर्वक लावून परत दिलं, की मी “राहू दे गं” म्हणाले. “तुमची कितवी तारीख?” तिने विचारलं. तीच निघाली, मुदत एकाच दिवशी संपत होती. “मग तिथे भेटूच,” ती म्हणाली. “आम्हाला तिसरा साक्षीदार मिळाला नाही, तर तुमच्यातलं कुणी देतील का सही?” अण्णा लगेच म्हणाले, “मी आहे ना.”

सतरा तारखेला आम्ही साडेदहालाच पोचलो. आमच्याबरोबर होत्या आमच्या दोन मैत्रिणी, सासू-सासरे, अण्णा, आई, पिशवीभर पेढे. आणि आजी. ती सकाळच्या एस.टी.ने मामाला घेऊन आली होती. “साक्षीदार तीन लागतात ना? तिसरी मी,” म्हणाली. खिडकीपुढच्या बाकावर चष्मा लावून तिने जाहीरनामा अक्षरन् अक्षर वाचला आणि विचारलं, “यात जात कुठे लिहायची?” मॅडम म्हणाल्या, “लिहायची नाही, आजी.” “बरं,” म्हणून तिने सही केली. मामाने तिच्या चष्म्याचं घर धरलं होतं. मग आम्ही दोघांनी ते एकच वाक्य म्हटलं जे म्हटल्याशिवाय या कायद्यात लग्न पुरं होत नाही, मी तुम्हाला कायदेशीर पती म्हणून स्वीकारते, पत्नी म्हणून स्वीकारतो. संपलं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

मॅडमनी पुढची नावं पुकारली. दोनदा. मग बाहेर येऊन व्हरांड्यात एकदा. अण्णा पेढ्यांची पिशवी घेऊन, सहीसाठी, पाऊण वाजेपर्यंत थांबले. मग जेवणाची सुट्टी झाली.

त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. तारीख पुढे घेतली असेल. गाव बदललं असेल. तिच्या ड्यूटीची अडचण असेल. मी चांगल्या शक्यताच मोजते, तीच एक सवय उरली आहे. पण तिच्या वडिलांनाही तुमचा फोन गेला होता का, एवढंच मला तुम्हाला विचारायचं आहे. बाकीचं सगळं पत्र या एका प्रश्नाभोवती गुंडाळलेलं आहे. त्यांनी काय उत्तर दिलं? “पत्रिका पोचली नाही का” असं म्हणाले का ते? की गप्प बसले, आणि तुम्हाला काम फत्ते झाल्यासारखं वाटलं?

उत्तर द्यायचं असेल तर पत्ता शोधावा लागणार नाही. तो तुमच्या मोबाईलमध्ये आहे.

घरातल्या थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. लोभ आहेच, तो कमी व्हावा ही विनंती.

आपली,
नोटीस बोर्डावरची डावीकडून दुसरी

ता. क. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. नवी नोटीस, नवे तीस दिवस, तीच काच. त्या दोघांचे तीन महिने गेल्या सोमवारी संपले. मी मुद्दाम जाऊन वही पाहून आले. आक्षेपाच्या जागी त्यांच्या नावापुढे काहीही लिहिलेलं नाही.